एका कडीचा निरोप

१९८७ सालच्या जानेवारीतली गोष्ट. उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठावरच्या एका गावात आमच्या बँकेची शाखा होती आणि मी तिथे शेतकर्जांचे काम पाहत होतो. शाखा म्हणजे दोन खोल्या, एक तिजोरी, चार टेबले आणि बाहेर कडुनिंबाखाली पासबुके हातात धरून बसलेली माणसे. एका सकाळी साठी ओलांडलेले एक गृहस्थ माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. धरणात जमीन गेली तेव्हापासून ते मासेमारी करत. होडी आणि जाळ्यांसाठी आमच्याकडूनच कर्ज घेतलेले; हप्ता कधी न चुकवणारे. सारे गाव त्यांना आबा म्हणे, मीही म्हणत असे. आबांनी धोतराच्या सोग्याची गाठ सोडली आणि धातूची एक लहानशी कडी टेबलावर ठेवली.

"सायेब, ही बघा. बदकाच्या पायात हुती. जाळ्यात गुतून मेलं बिचारं. काय लिवलंय तिच्यावर?"

कडीवर बारीक इंग्रजी अक्षरे होती. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा, एवढाच मजकूर आणि एक क्रमांक. मी वाचून दाखवले, अर्थ सांगितला.

"म्हंजी ह्या बदकाचं बी मुंबैला खातं हाय म्हणा की," आबा म्हणाले. आम्ही दोघेही हसलो.

"आबा, मी पाठवतो ही मुंबईला. पक्षी कुठून आला होता ते कळवतील ते लोक," मी म्हणालो आणि कडी टाचण्यांच्या डबीत ठेवली.

पुढे मार्चअखेर आली. बँकेतल्या माणसाच्या घरी मार्चअखेर म्हणजे काय असते, हे ज्यांच्या घरात बँकवाला आहे त्यांना सांगायला नको. आबा हप्ता भरायला आले की विचारायचे, "काय कळलं का, सायेब?" पहिल्यांदा मी म्हणालो, "पाठवायची आहे, आबा." दुसऱ्यांदा विचारले तेव्हा मात्र म्हणालो, "पाठवली आहे. उत्तर येईल." हे खोटे होते. कडी डबीतच होती. जूनमध्ये माझी बदली झाली. किल्ल्या, रजिस्टरे, थकबाकीच्या याद्या, सारे रीतसर सही घेऊन पुढच्या अधिकाऱ्याच्या हवाली केले. टाचण्यांची डबी कुठल्याही यादीत नव्हती.

काही खातेदारांचे क्रमांक मला आजही पाठ आहेत. त्या कडीवरचा क्रमांक मात्र आठवत नाही.

हे सारे आता आठवण्याचे कारण माझी नात. शाळेच्या प्रकल्पासाठी ती जमिनीवर नकाशा पसरून बसली होती. ईशान्येकडल्या नागालँडपासून निघालेली एक लाल रेघ बंगालचा उपसागर ओलांडून आपल्या द्वीपकल्पावरून अरबी समुद्रात उतरत होती आणि थेट आफ्रिकेच्या किनाऱ्याला टेकत होती. "आजोबा, हा ससाणा आपल्या पुण्यावरून गेला असेल का? आणि तो कुठून गेला हे लोकांना कळतं तरी कसं?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला येत नव्हते. दुसऱ्याचे द्यावे म्हणून वाचायला बसलो आणि वाचता वाचता त्या डबीपाशी येऊन पोचलो.

पक्षी हिवाळ्यात कुठे जातात, हा प्रश्न माणसाला फार जुना आहे. युरोपात कित्येक शतके लोक असे मानत की पाकोळ्या थंडीत तळ्याच्या तळाशी चिखलात निजून राहतात. या समजुतीला मोठा धक्का बसला तो १८२२ साली. जर्मनीत एक पांढरा करकोचा मारला गेला, त्याच्या मानेत हातभराहून लांब भाला आरपार रुतलेला होता. तो भाला मध्य आफ्रिकेतल्या बनावटीचा निघाला. तेवढी जखम घेऊन पक्षी हजारो मैल उडत मायदेशी परतला होता आणि घरच्याच माणसांनी त्याला टिपले. तो करकोचा भाल्यासकट रोस्टॉकच्या विद्यापीठात जपून ठेवलेला आहे. पक्ष्याने वाहून आणलेला निरोप म्हणायचा तर तो हाच, आणि पाठवणाऱ्याने तो मारण्यासाठी पाठवला होता.

निरोप मारण्याऐवजी ओळखण्यासाठी पाठवावा, हे सुचले डेन्मार्कमधल्या एका शिक्षकाला. हान्स ख्रिश्चन मॉर्टेन्सन यांनी १८९९ साली भोरडीच्या कुळातल्या १६५ स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायांत क्रमांक आणि पत्ता कोरलेल्या अॅल्युमिनियमच्या कड्या घालून त्यांना सोडून दिले. जगभरातल्या पद्धतशीर कडी-अभ्यासाची सुरुवात तिथून धरतात. आपल्याकडे हे काम बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने केले. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याच्या बाजूला क्यासनूरच्या जंगलात माकडे आणि माणसे एका नव्या तापाने मरू लागली. तो ताप गोचिडींमधून पसरत होता. स्थलांतर करून येणारे पक्षी अशा गोचिडी बाहेरून आणतात की काय, हे पाहणे निकडीचे झाले. त्या शोधासाठी १९५९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने आणि सलीम अलींच्या नेतृत्वाखाली मोठ्या प्रमाणावर कड्या घालण्याचे काम सुरू झाले. आबांच्या जाळ्यातल्या बदकाची कडी त्याच परंपरेतली.

कडीचा हिशेब बँकवाल्याला चटकन समजतो. खात्यात दोनच नोंदी. कडी घातली ती जागा आणि तारीख, आणि कडी सापडली ती जागा आणि तारीख. मधले पासबुक कोरे. पक्षी कुठल्या वाटेने आला, किती दिवस उडाला, कुठे थांबला, काही कळत नाही. शिवाय बहुतेक खात्यांत दुसरी नोंद कधी पडतच नाही. आणि पडली तर ती करणारा शास्त्रज्ञ नसतो. तो कुणी कोळी असतो, शिकारी असतो, गुरे राखणारा पोर असतो. त्याला वाचता येत नसेल तर तो वाचता येणाऱ्याकडे जातो, आणि त्या वाचणाऱ्याने पोस्टकार्ड टाकायचे असते. शंभर वर्षांहून अधिक काळ हे शास्त्र असे अनोळखी माणसांच्या पोस्टकार्डांवर उभे आहे. त्या साखळीतला एक कच्चा दुवा म्हणजे मी.

मधले पासबुक भरून काढायची कामगिरी पुढे विजेच्या यंत्रांनी केली. त्यांतले एक तर इतके साधे आहे की वाचताना मला हसू आले. त्याला जिओलोकेटर म्हणतात. ते कुणाला काही कळवत नाही. एका घड्याळाच्या जोडीला प्रकाश मोजणारा डोळा असतो, आणि किती वाजता उजाडले, किती वाजता मावळले एवढेच ते टिपून ठेवते. उजाडणे आणि मावळणे यांच्या बरोबर मधली वेळ म्हणजे तिथली दुपार. ती ग्रीनिचच्या दुपारपेक्षा किती पुढे-मागे आहे यावरून रेखांश निघतो. दिवस किती तासांचा आहे यावरून अक्षांश. जुने दर्यावर्दी सूर्य आणि घड्याळ घेऊन जे करत, तेच हे इवलेसे यंत्र पक्ष्याच्या पायावर बसून करते. मार्च आणि सप्टेंबरात सगळीकडेच दिवस-रात्र सारखे होतात, तेव्हा त्याला अक्षांश नीट सांगता येत नाही. आणि मोठी अडचण अशी की वर्षभराने तोच पक्षी पुन्हा पकडावा लागतो, तरच वही हाती येते.

आर्क्टिक टर्न नावाचा पक्षी आहे. आपल्या नदीकाठच्या सुरय पक्ष्याचा उत्तर ध्रुवाकडचा भाऊबंद, वजन जेमतेम शंभर ग्रॅमच्या आसपास. ग्रीनलंड आणि आइसलँडमधल्या काही टर्नच्या पायांवर दीड ग्रॅमहूनही हलकी अशी यंत्रे बांधली होती. २०१० साली त्यांचा हिशेब प्रसिद्ध झाला. उत्तर टोकाकडून दक्षिण टोकाकडे जाऊन परत येण्यात हे पक्षी वर्षाला सरासरी सुमारे ७०,९०० किलोमीटर उडतात. सरळ रेषेत ते जातच नाहीत. वारा जिकडून मदत करील तिकडून मोठाली वळणे घेत जातात. हा पक्षी तीसेक वर्षे जगू शकतो. म्हणजे जन्मभरात चंद्रावर तीनदा जाऊन येण्याइतका प्रवास.

पक्षी पुन्हा हाती येण्याची वाट पाहायची नसेल तर त्याच्या यंत्राला बोलता यायला हवे. ती सोय उपग्रहांनी केली. फ्रान्स आणि अमेरिका यांनी मिळून उभारलेली आर्गोस ही व्यवस्था १९७८ पासून चालू आहे. तिचे तत्त्व आपण सर्वांनी रेल्वे फलाटावर अनुभवलेले असते. गाडी जवळ येताना शिट्टी चढी ऐकू येते आणि पुढे निघून जाताना उतरते. पक्ष्याच्या पाठीवरचे यंत्र ठरावीक सुराचा संदेश सोडत असते आणि डोक्यावरून जाणारा उपग्रह त्या सुरातला चढ-उतार मोजून पक्षी कुठे आहे ते काढतो. सुरुवातीची यंत्रे इतकी जड होती की हंस किंवा गरुड अशा दांडग्या पक्ष्यांनाच ती पेलत. पुढे ती काही ग्रॅमवर आली आणि त्यांच्यावर सौरपट्टी बसली. ती थोडा वेळ बोलतात आणि मग पुन्हा भरेपर्यंत गप्प बसतात.

२००७ साली अशाच एका यंत्राने शास्त्रज्ञांना थक्क केले. गॉडविट नावाच्या लांब चोचीच्या चिखलपक्ष्यांपैकी ई-सेव्हन अशी खूण दिलेली एक मादी अलास्काहून निघाली ती थेट न्यूझीलंडला उतरली. ११,६८० किलोमीटर, आठ दिवस, खाली अथांग पॅसिफिक. हा पक्षी बदकासारखा पाण्यावर बसून विसावा घेणारा नव्हे. म्हणजे आठ दिवस आणि आठ रात्री पंख थांबलेच नाहीत. २०२२ मध्ये तर याच जातीचे पाचेक महिन्यांचे पिल्लू, ज्याने ती वाट पूर्वी कधीच पाहिली नव्हती, अलास्काहून टास्मानियापर्यंत ११ दिवसांत १३,५६० किलोमीटर न थांबता गेले. यंत्र नसते तर हे सांगणाऱ्यावर कुणी विश्वास ठेवला नसता.

आताची काही यंत्रे जीपीएसवरून आपली जागा स्वतःच ओळखतात आणि मोबाइलच्या जाळ्यातून ती कळवतात. त्याचीही गंमत ऐका. २०१९ साली रशियातले शास्त्रज्ञ स्टेप गरुडांचा असा माग घेत होते. मिन नावाच्या एका मादीने सारा उन्हाळा कझाकस्तानात मोबाइलची रेंज नसलेल्या भागात काढला. संदेश आत साठत राहिले. मग ती इराणात पोचली आणि साठलेले सगळे संदेश परदेशी दराने एकदम धाडून मोकळी झाली. बिल एवढे आले की प्रकल्पाची शिल्लक संपायची वेळ आली. शेवटी शास्त्रज्ञांनी गरुडांचा मोबाइल रिचार्ज करण्यासाठी लोकांकडे वर्गणी मागितली, ती लोकांनी दिली, आणि दूरध्वनी कंपनीनेही बिल माफ करण्याची तयारी दाखवली. कर्जमाफीचे पुष्कळ प्रकार मी नोकरीत पाहिले. गरुडाला मिळालेली माफी मात्र पहिलीच.

हे सारे वाचताना मन हरखते. पण नातीच्या नकाशावरची रेघ जिथून निघाली होती तिथली हकीकत वाचली आणि मी थांबलो. ती ऐकण्यासारखी आहे.

अमूर ससाणा हा सुमारे दीडशे ग्रॅम वजनाचा, किडे खाऊन राहणारा लहानखुरा शिकारी पक्षी. तो सैबेरियाच्या आग्नेय भागात आणि उत्तर चीनमध्ये वीण करतो आणि हिवाळ्यासाठी आफ्रिकेच्या दक्षिण भागात जातो. वाटेत ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो ईशान्य भारतात उतरतो. नागालँडच्या वोखा जिल्ह्यात दोयांग नदीवर धरण आहे. त्या जलाशयाभोवती हे ससाणे लाखोंनी जमतात, कारण त्या दिवसांत तिथे वारुळांतून पंख फुटलेल्या वाळव्या बाहेर पडतात. पुढच्या लांब पल्ल्यासाठी अंगात चरबी साठवायची ती इथेच.

२०१२ च्या ऑक्टोबरात पत्रकार बानो हरालू आणि त्यांच्या काही निसर्गप्रेमी सहकाऱ्यांनी तिथे जे पाहिले आणि चित्रित केले, त्याने सगळीकडे खळबळ उडाली. संध्याकाळी झाडांवर उतरणाऱ्या थव्यांच्या वाटेत जाळी टांगली होती. पक्षी पकडायचे, सोलायचे, धुरी देऊन वाळवायचे आणि विकायचे. त्या एका हंगामात एक लाखाहून अधिक ससाणे मारले गेले असावेत, असा अंदाज मांडला गेला.

ती जाळी मासे धरायची होती. हे वाचले आणि आबा डोळ्यांपुढे उभे राहिले. दोयांगच्या धरणात पांगती आणि आसपासच्या गावांतल्या लोथा नागांची शेतजमीन गेली होती. पाणी आले म्हणून मासेमारी आली, पाण्याकाठी ससाणे उतरू लागले म्हणून जाळी वर गेली. उजनीच्या काठी मी दहा वर्षांपूर्वीची शेते पाण्याखाली गेलेली माणसे रोज पाहत होतो. त्यामुळे पांगतीच्या लोकांना क्रूर म्हणून मोकळे होणे मला जमले नाही. हाती येणारा पैसा त्यांनी नाकारावा असे सांगणाऱ्याने, त्यांच्या चुलीचे काय, याचेही उत्तर द्यायला हवे.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. एका वर्षात हे थांबले. वनखात्याचे लोक, स्वयंसेवी कार्यकर्ते, चर्चचे पाद्री आणि मुख्य म्हणजे ग्रामसभा एकत्र बसल्या. गावांनी स्वतः ठराव करून शिकार बंद केली आणि दंड ठेवला. २०१३ च्या हंगामात दोयांगला ससाण्यांसाठी जाळी लागली नाहीत.

आणि मग, जाळी उतरल्यानंतर, यंत्र आले. त्या नोव्हेंबरात डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या आणि हंगेरीच्या शास्त्रज्ञांनी वनखात्याच्या मदतीने तीन ससाण्यांच्या पाठीवर पाच-पाच ग्रॅमची सौर यंत्रे बसवली. त्यांची नावे ठेवली नागा, वोखा आणि पांगती. समाज, जिल्हा आणि गाव. ससाणे उडाले. बंगालचा उपसागर, आपले द्वीपकल्प आणि मग अरबी समुद्र पार करून सोमालियाच्या किनाऱ्याला लागले. पाच-सहा दिवसांत साडेपाच हजार किलोमीटरहून अधिक. अरबी समुद्रावर त्या दिवसांत ईशान्येचे वारे असतात, ते पाठीशी. त्याच सुमारास चतुर नावाचे किडेही भारतावरून समुद्रापार आफ्रिकेकडे जातात आणि ससाणे वाटेत त्यांच्यावर पोट भरत असावेत, असे काही अभ्यासकांना वाटते. पुढे आणखी ससाण्यांना यंत्रे बसवली गेली. २०१६ मध्ये खूण केलेली लाँगलेंग नावाची मादी पुढची काही वर्षे येता-जाताना नकाशावर दिसत राहिली.

नातीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर इथे थोडेसे मिळाले. लोणावळ्याच्या पठारांवर नोव्हेंबर-डिसेंबरात अमूर ससाणे पक्षीनिरीक्षकांना दिसतात. नागा पुण्यावरून गेला की नाही सांगता येणार नाही, पण त्याचे सोबती आपल्या घाटमाथ्यावर विसावून पुढे जातात एवढे खरे.

या हकीकतीतला क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आपण सहज बोलून जातो की विज्ञानाने ससाणे वाचवले. तसे झालेले नाही. यंत्राने एकही जाळे उतरवलेले नाही. ती उतरवली पांगतीच्या माणसांनी, हातची मिळकत सोडून. यंत्राने केले ते वेगळे आणि त्याच्या जागी मोठे काम. सोडलेला पक्षी पुढे कुठे गेला ते त्याने गावाला सांगितले. आपल्या गावाचे नाव घेऊन एक जीव समुद्र ओलांडतो आहे, हे कळल्यावर पुढच्या हंगामात त्याच्या वाटेत जाळे लावायला हात उचलेल का? पांगतीच्या लोकांना त्यांचे उत्तर आले. माझ्या आबांना आले नाही, कारण मधे मी होतो.

आता नाण्याची दुसरी बाजू. पाच ग्रॅम म्हणजे काहीच नाही असे आपल्याला वाटते. दीडशे ग्रॅमच्या पक्ष्याला ते किती? सत्तर किलोच्या माणसाने सव्वादोन किलोची पिशवी पाठीला बांधून घ्यावी आणि ती झोपताना, जेवताना, समुद्र ओलांडतानाही काढता येऊ नये, तसे. यंत्राचे वजन पक्ष्याच्या वजनाच्या तीन ते पाच टक्क्यांपलीकडे जाऊ नये असा दंडक शास्त्रज्ञ पाळत आले आहेत. तरीही अशा ओझ्याचा पक्ष्यांच्या विणीवर आणि जगण्यावर काही प्रमाणात परिणाम होतो, असे शास्त्रज्ञांच्याच अभ्यासांत दिसले आहे. हे त्यांनी लपवलेले नाही, याबद्दल मला आदर वाटतो. पण मग प्रश्न उरतो. हे ओझे पक्ष्याने आपल्यासाठी का वाहावे?

मी उभे आयुष्य कर्जांच्या फायली पाहण्यात घालवले. माझ्या मते याचे उत्तर साधे आहे. पक्ष्याच्या पाठीवर यंत्र ठेवतो तेव्हा आपण त्याचे देणे लागतो. त्याने आपल्याला सांगितले की मी इथे उतरतो, इथे खातो, इथे निजतो. हे कळल्यानंतर त्या जागा राखल्या तर देणे फिटले. नकाशा चौकटीत बसवून भिंतीवर लावला आणि जागा भराव घालून बुजवली, तर ती थकबाकी. आणि अशी थकबाकी निर्लेखित करून टाकायचा अधिकार आपल्याला नाही.

हे दूरचे नाही. २०२२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी ठाणे खाडीतल्या काही रोहित पक्ष्यांना यंत्रे बसवली. त्यांतल्या एकाला सलीम अलींचे आणि एकाला हुमायून अब्दुलअलींचे नाव दिले होते. हुमायून पावसाळ्यात गुजरातकडे गेला. रोहित पक्षी ओहोटीला खाडीच्या चिखलात चरतात. भरती आली की तो चिखल बुडतो, मग ते आजूबाजूच्या पाणथळींवर, नवी मुंबईतल्या तळ्यांवर येऊन उभे राहतात. एक जागा जेवणाची, एक विसाव्याची, दोन्ही हव्यात. त्या पाणथळी ठेवायच्या की त्यांवर इमारती उभ्या करायच्या, यावर वर्षानुवर्षे वाद आणि कज्जे चालू आहेत. सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन गुलाबी थवे पाहायला जाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी त्या वादात एक साधे पत्र तरी लिहिले आहे? मीही लिहिलेले नाही. हा लेख लिहितानाच ते ध्यानात आले.

बदकाच्या पायातली कडी असो की ससाण्याच्या पाठीवरचे यंत्र, दोन्हींचा शेवट माणसाच्या हातात होतो. उपग्रह आकाशातून निरोप खाली आणून देईल. तो ऐकून उठायचे कुणी, हे उपग्रह ठरवत नाही.

वाचकांपैकी कुणाला कधी कडी घातलेला पक्षी दिसला किंवा मेलेल्या पक्ष्याच्या पायात कडी सापडली तर एवढे करावे. जिवंत पक्ष्याच्या पायातली कडी काढू नये. कडीवरचे आकडे आणि अक्षरे जशीच्या तशी उतरून घ्यावीत, आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे तर छायाचित्र काढावे, जागा आणि तारीख लिहावी आणि कडीवर ज्यांचे नाव आहे त्यांना कळवावे. दहा मिनिटांचे काम आहे. त्याच दिवशी करावे. उद्यावर टाकले की काय होते ते मी सांगितलेच आहे.

नातीला मी कडीची गोष्ट सांगितली. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मग आजोबा, आता कळवता नाही का येणार?" मी म्हणालो, नंबर हरवला ना. ती म्हणाली, "जेवढं आठवतंय तेवढं कळवा."

आबा आता नसतील. मुंबईच्या लोकांनी आपल्याला उत्तर पाठवले नाही, असेच त्यांनी शेवटपर्यंत मानले असेल. म्हणून जेवढे आठवते तेवढे कळवतो. जानेवारी १९८७. उजनीचा फुगवटा. मासे धरायच्या जाळ्यात एक बदक, पायात कडी. जात माहीत नाही. सापडले ते आबांना, आणि त्यांनी ते त्याच आठवड्यात कळवले होते. उशीर माझ्याकडून झाला.